चालता-बोलता जाण्याची योजना

आमच्या घराण्यात म्हातारपणाचं नियोजन पिढ्यान्‌पिढ्या एका वाक्यात उरकलेलं आहे. ‘आपण बाबा चालता-बोलता जाणार!’ हे वाक्य उजवा हात हवेत झटकून म्हणायचं असतं आणि म्हणून झालं की चहा मागायचा असतो. आजोबांनी ते जन्मभर म्हटलं. शेवटची काही वर्षं तर ते पलंगावर पडूनच म्हणायचे, आणि ऐकायला आलेला माणूस त्यांना कुशीवर वळवता वळवता ‘हो, हो’ करायचा. वडील म्हणत आले, काका म्हणत आले. या योजनेचा हप्ता शून्य, कागदपत्रं शून्य, आणि ती फसली तर तक्रार करायला योजना आखणारा उठून जाऊ शकत नाही.

एरवी आम्ही नियोजनात कुणाला हार जात नाही. गणपतीला कोकणात जायचं तर आरक्षण उघडतं त्या सकाळी घरातलं प्रत्येक माणूस वेगळा फोन घेऊन वेगळ्या खोलीत बसतं. हे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलं, तेव्हा बायकोला ‘आता मधले दोन महिने काळजी कशाची करू?’ असं झालं होतं. मुलाच्या बारावीचा क्लास आम्ही तो आठवीत असताना बघून ठेवला होता. पण ‘उद्या अंथरुणाला खिळलो तर उठवणार कोण, बसवणार कोण, आंघोळ घालणार कोण आणि या सगळ्याचे पैसे देणार कोण?’ असा प्रश्न निघाला की एरवी सत्यनारायणाला आरतीच्या वेळी उगवणारा माणूसही एकदम देवभोळा होतो आणि ‘त्याच्या मनात असेल तसं’ म्हणून प्रसादाकडे वळतो.

हा प्रश्न आमच्या घरात एका कबुतरामुळे आला.

आत्या ८२ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नाही. ती आमच्याकडे राहते असं आम्ही म्हणतो. तुम्ही माझ्याकडे राहता असं ती म्हणते. फ्लॅट तिच्या नावावर असल्यामुळे हा वाद आम्ही फार ताणत नाही. डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. लिफ्ट रिडेव्हलपमेंटमध्ये येणार आहे. रिडेव्हलपमेंट करायची असं पहिल्यांदा ठरलं तेव्हा इमारतीत गुडघे दुखणारं कुणी नव्हतं. आता न दुखणारं कुणी नाही, आणि सोसायटी अजून ‘कार्पेट एरिया किती वाढवून मिळणार’ या मुद्द्यावर बसलेली आहे. बसलेली आहे, कारण उभं राहवत नाही.

तर आत्या कपडे वाळत घालायची काठी घेऊन गॅलरीत कबुतर हाकलायला गेली. कबुतर उडालं. आत्या पडली. खुबा मोडला.

तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवताना प्रत्येक मजल्यावर दार उघडून माणसं सल्ला द्यायला उभी होती. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, ‘हलवायला नको होतं.’ पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, ‘लवकर हलवायला हवं होतं.’ तळमजल्यावर सेक्रेटरी होते. ते म्हणाले, ‘म्हणूनच मी गेल्या सभेत सांगत होतो, पण कोरम नव्हता.’ आत्या खुर्चीतून म्हणाली, ‘आत्ता मोजा, आहे कोरम.’

*

हॉस्पिटलात आधी डॉक्टर भेटतील अशी माझी समजूत होती. आधी विम्याची खिडकी भेटते. मेडिक्लेम आपल्याकडे १९८६ साली आला. आत्यानं तो बऱ्याच वर्षांनी, पण तरीही आमच्या आधी घेतला होता. पॉलिसी तीन लाखांची, जुन्या वळणाची. खोलीचं भाडं विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तेवढ्यात दोघांत एक खोली मिळत होती, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे नातेवाईक मोबाइलवर मालिका मोठ्यानं लावून बसले होते.

‘मला एकटीची खोली घे,’ आत्या म्हणाली. ‘सहा हजार ना? वरचे तीन मी पेन्शनमधून देईन.’

खिडकीतल्या मुलानं फार प्रेमानं मान हलवली. ‘आजींना वाटतं तसं नसतं, काका. खोली दुप्पट भाड्याची घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं निम्मंच पास होणार. औषधं आणि खुब्यात बसवायचा गोळा तेवढा सुटतो.’

‘पण डॉक्टर तेच ना? टेबल तेच ना?’

‘तेच. पण पेशंट सहा हजारांचा झाला.’

हे मी आत्याला सांगितलं. खुबा मोडलेल्या अवस्थेत तिनं कागद-पेन्सिल मागवली, त्रैराशिक मांडलं, दोनदा ताळा केला आणि म्हणाली, ‘गणित बरोबर आहे. नियत चुकलीय.’ मग ती मुकाट दोघांच्या खोलीत राहिली आणि तिसऱ्या दिवशी ‘काल काय झालं गं पुढे?’ असं शेजारच्या नातेवाइकांना विचारायला लागली.

ऑपरेशन उत्तम झालं. विम्यानं पैसेही दिले. उगाच कशाला खोटं बोला. पण जे दिलं नाही त्याची यादी पाहण्यासारखी होती. विम्यात ज्या वस्तूंचे पैसे मिळत नाहीत त्यांची एक अधिकृत यादीच असते, ६८ कलमांची. सुरुवात बाळाच्या खाऊपासून होते, म्हणून पहिल्यांदा मला वाटलं, आपल्याला काय करायचंय. पुढे वाचत गेलो. डायपर, कुठल्याही प्रकारचा. अटेंडंटचा खर्च. चालायच्या आधाराची साधनं. गुडघ्याचा पट्टा. लघवीचं भांडं. हातमोजे. मास्क. शुगर-फ्रीच्या गोळ्या. म्हातारपण म्हणून जे काही असतं ते सगळं कुणीतरी बसून, एक वस्तू न विसरता, वगळून ठेवलेलं होतं. त्यात ‘ब्यूटी सर्व्हिसेस’ही होत्या. त्या मात्र आत्यानं खरोखरच घेतल्या नव्हत्या.

घरी सोडायचा दिवस. नियम असा झालाय की हॉस्पिटलनं डिस्चार्जची मागणी पाठवली की तीन तासांत विमा कंपनीनं शेवटची मंजुरी द्यायची. हा २०२४चा नियम मला विमा कंपनीनं स्वतः अभिमानानं सांगितला. फक्त ते तीन तास हॉस्पिटलनं कागद पाठवल्यावर सुरू होतात, आणि कागद फाइल खाली आल्यावर जातो, आणि फाइल फार्मसीनं सोडल्यावर खाली येते, आणि फार्मसीवाला जेवायला गेला होता. सकाळी दहाला ‘आजी, आज घरी!’ असं डॉक्टर म्हणाले होते. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा आत्या कपडे बदलून, पर्स मांडीवर घेऊन, फलाटावर बसल्यासारखी खाटेवर बसली होती. नर्सनं येऊन सांगितलं, ‘आजी, झोपा ना.’ आत्या म्हणाली, ‘झोपले तर अजून एका दिवसाचं भाडं लावाल.’

*

घरी आल्यावर खरी गंमत. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं : वॉकर, व्यायाम, आणि चोवीस तास जवळ माणूस. वॉकर रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या संस्थेकडून अनामत भरून मिळाला. माणूस अनामत भरून मिळत नाही. मी विम्याच्या हेल्पलाइनवर फोन केला. पलीकडच्या मुलीनं मला पॉलिसीतलं एक कलम वाचायला लावलं. मतलब असा की आंघोळ घालणं, कपडे घालणं, उठवणं, हिंडवणं-फिरवणं अशी मदत घरी घेतलीत किंवा कुठल्या संस्थेत घेतलीत, शिकलेल्या नर्सनं केली किंवा न शिकलेल्या माणसानं केली, तरी ती आमच्यात बसत नाही.

‘पण बाई, ऑपरेशनचे तुम्ही लाख-दीड लाख देता, आणि त्या ऑपरेशननंतर चालायला शिकवणाऱ्या मावशींचे देत नाही?’

‘सर, त्यासाठी तुम्ही पेशंटला ॲडमिट करू शकता.’

‘मग देता?’

‘नाही सर. नुसत्या विश्रांतीसाठी ॲडमिट केलेलं पण वगळलेलं आहे.’

मग मदतनीस बाया पुरवणारा ब्यूरो. ब्यूरो चालवणाऱ्या बाईंचा आवाज निवडणूक अधिकाऱ्यासारखा तटस्थ होता.

‘बारा तास की चोवीस?’

‘फरक काय?’

‘बारा तासांची बाई जागी असते. चोवीसची झोपते.’

‘आणि दोन बारा-बाराच्या घेतल्या तर?’

‘मग तुम्ही झोपू शकत नाही, बिल बघून.’ त्यांनी पुढचे प्रश्न विचारले. पेशंटचं वजन किती, मजला कुठला, लिफ्ट आहे का, वाय-फाय आहे का. शेवटी म्हणाल्या, ‘पेशंट बोलतो का?’

‘बोलते की.’

‘किती?’

मी गप्प बसलो. त्या समजल्या. ‘बोलणाऱ्या पेशंटकडे बाया टिकत नाहीत, आधीच सांगते. फक्त पेशंटचं काम, वरचं काम नाही, महिन्यातून चार सुट्ट्या, पगार रोख, आणि आमचं कमिशन पहिल्याच दिवशी.’

पहिली बाई तिसरा मजला चढून आली, पाणी प्यायली आणि उतरली. दुसरी टिकली. तिचं दहावीचं गणित राहिलं होतं, हे आत्यानं पहिल्याच दुपारी स्पंजिंग चालू असताना काढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे बारा तासांच्या पाळीत चार तास अपूर्णांक, दोन तास वर्गसमीकरण आणि उरलेल्या वेळात पेशंट असं वेळापत्रक लागलं. बाई डुलकी घ्यायला लागली की आत्या वॉकर सरकवत स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासाठी चहा टाकायची. ‘अगं, जागी राहा, लसावि राहिलाय अजून.’ डॉक्टर म्हणाले, आजींची प्रगती थक्क करणारी आहे. ब्यूरोतून फोन आला : ‘आमच्या बाईला घरचा अभ्यास देता म्हणे. करारात नाही ते.’

*

या सगळ्यातून बायकोनं असा निष्कर्ष काढला की आपलं म्हातारपण आपण वेळेत बांधून घ्यायचं. मी नुकताच निवृत्त झालो होतो. नोकरीतला गटविमा निवृत्तीच्या हारासोबत गळ्यातून उतरला होता. तेव्हा आमच्या इमारतीतल्या विमावाल्या मुलाला बोलावलं. लहानपणी यानं आमच्या खिडकीच्या काचा फोडल्या होत्या. आता तो ‘जोखीम व्यवस्थापन’ करतो.

‘काका, बरोबर वेळेला ठरवलंत. जीएसटी शून्य झालाय! २२ सप्टेंबर २०२५पासून. पूर्वी अठरा टक्के होता.’

‘अरे वा. म्हणजे हप्ता कमी.’

‘झाला असता. पण तुम्ही साठीचे झालात ना, पुढच्या गटात गेलात.’

‘आणि न घेता थांबलो तर?’

‘थांबा की. पूर्वी बऱ्याच कंपन्या पासष्टला दार लावायच्या. २०२४ला ती अट गेली. आता दार कुठल्याही वयात उघडं असतं. फक्त तिकीट वाढत जातं.’

त्यानं टॅबलेट काढला आणि फॉर्म भरायला घेतला. ‘आधीचा काही आजार?’

‘नाही,’ मी म्हणालो.

‘बीपी आहे,’ बायको म्हणाली.

‘किरकोळ.’

‘साखर काठावर आहे.’

‘काठावर म्हणजे आत नाही.’

‘आणि मूळव्या—’

‘अगं, हळू! खिडकी उघडी आहे.’

‘आणि घोरतात, ते लिहायचं असतं का रे?’

मुलगा म्हणाला, ‘काकू, सगळं सांगा. लपवलं आणि सापडलं की क्लेम गेला. पाच वर्षं सलग हप्ते भरले की मग मात्र फसवणूक सिद्ध केल्याशिवाय नाकारता येत नाही. आधीच्या आजारांना तीन वर्षं थांबायचं, बस्स.’

‘म्हणजे तीन वर्षं बीपीनं काही करायचं नाही?’

‘करू दे ना. स्वखर्चानं.’

हे सगळं दवाखान्याचं झालं. मी मुद्द्यावर आलो. ‘हे बघ, मला आयसीयूचं सांगू नकोस. मी घरी पडून राहिलो, आंघोळ घालायला, जेवू घालायला माणूस लागलं, तर त्याचे पैसे मिळतील असं काय आहे?’

‘किती दिवसांसाठी?’

‘मला काय माहीत? दोन वर्षं, पाच वर्षं.’

त्यानं टॅबलेट खाली ठेवला. चेहरा पडला होता. ‘काका, शुभ बोला ना.’

ज्या माणसाचं घर मरण, अपघात आणि किडनी फेल होण्यावर चालतं, त्यानं आम्हाला शुभ बोलायला सांगितलं! मी मेलो तर त्याच्याकडे पाच रंगीत माहितीपत्रकं होती. मी न मरता नुसता पडून राहतो म्हटल्यावर त्याच्याकडे एकही नव्हतं. तरी धंद्यातला मुलगा तो, त्यानं दुसरं पान उघडलं. ‘हे घ्या. वयाच्या ९९व्या वर्षी एकरकमी पैसे.’

‘आणायला कोण जाणार?’ बायकोनं विचारलं.

‘खात्यात जमा होतात, काकू.’

‘मग ओटीपी कुणाला दिसणार?’

आत्या आतून म्हणाली, ‘मला विचार ना. सत्तरी झालेल्यांना आयुष्मानमध्ये पाच लाखांचं कार्ड मिळतं, उत्पन्न बघत नाहीत. मी काढलं. तुम्हाला दहा वर्षं कळ काढावी लागेल.’ नव्या फोनवर ओटीपी तिनं स्वतः वाचला होता, हे ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. पण दवाखान्यात दाखल झाल्याशिवाय त्या कार्डाचाही उपयोग नाही, हे कळल्यावर तिनं ते कार्ड गीतेत खूण म्हणून घातलं.

*

आमचा मुलगा स्टुटगार्टला असतो. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर त्यानं सांगितलं की जर्मनीत अंथरुणाला खिळलेल्याला सांभाळण्याचा विमा सक्तीचा आहे. १९९५पासून. पगारातूनच कापतात, ३.६ टक्के, त्यातले साधारण निम्मे मालक भरतो.

‘आंघोळ घालायचा विमा?’ बायकोला खरं वाटेना.

‘आंघोळ, कपडे, जेवण, सगळं. आणि आई, ज्यांना मूल नाही त्यांना जास्त भरावं लागतं. वर आणखी ०.६ टक्के.’

आत्या वॉकरसह कॅमेऱ्यासमोर सरकली. ‘मूल नाही म्हणून पगारातून कापतात? आमच्याकडे निदान नुसते टोमणे मारतात. फुकट.’

माहिती अशी की मदत हवी असली की अर्ज करायचा. मग तपासनीस घरी येतो. तुम्हाला काय काय स्वतःचं स्वतः करता येतं ते बघतो, गुण देतो, आणि १ ते ५पैकी पायरी ठरवतो. जितकी पायरी वरची तितके पैसे जास्त. तिथेच मला कळलं की ही योजना आपल्याकडे आणली तर सरकारचा एक पैसा खर्च व्हायचा नाही. तपासनीस येणार म्हटल्यावर आत्या पहाटे उठेल. इस्त्रीचं पातळ नेसेल. पावडर लावेल. तपासनीस विचारेल, ‘आजी, उठता येतं का?’ ‘न यायला काय झालं? पोहे घेता ना?’ ‘आंघोळ?’ ‘गार पाण्यानं.’ ‘जिना?’ ‘दिवसातून दोनदा!’ तो बिचारा चहा पिऊन, पोहे खाऊन, ‘या बाईंनाच मदतनीस म्हणून नेमावं’ असा शेरा मारून जाईल. आणि जिन्यावर त्याची पावलं वाजायची थांबली की आत्या म्हणेल, ‘ये रे, मला उठव. पाय धरलाय.’

मुलगा हसला. म्हणाला, ‘बाबा, इथल्या आज्याही अगदी हेच करतात म्हणे.’

*

बाहेरचं कुणी काही करत नाही म्हटल्यावर आपणच करायचं, असं ठरवून मी आमच्या कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर जुनी योजना वर काढली. ही योजना महाराष्ट्रातल्या साठीला आलेल्या प्रत्येक ग्रुपवर असते. सगळ्यांनी मिळून नेरळ-कर्जतकडे एक मोठा बंगला घ्यायचा, एक स्वयंपाकी, एक नर्स, एक ड्रायव्हर ठेवायचा, संध्याकाळी गाणी, आणि जो पडेल त्याला बाकीच्यांनी बघायचं. योजनेवर अंगठ्यांचा पाऊस पडला. एकानं तर बंगल्याला नावही सुचवलं. मग तपशील निघाले.

‘तळमजल्यावर खोल्या दोनच आहेत. मला एक लागेल, माझे गुडघे…’

‘गुडघे तुझे एकट्याचे नाहीत.’

‘मांसाहार चालेल ना?’

‘बुधवार, शुक्रवार, रविवार.’

‘चतुर्थी शुक्रवारी आली तर?’

‘पंखा किती नंबरवर?’

‘जवळचं मोठं हॉस्पिटल किती लांब?’

या शेवटच्या प्रश्नावर ग्रुप बराच वेळ शांत होता. मग एका वहिनींनी नवऱ्याच्या फोनवरून लिहिलं, ‘स्वयंपाकी सुट्टीवर गेला की तिथेही आम्हीच का?’ या प्रश्नाला अजून उत्तर आलेलं नाही.

पण मला सगळ्यात मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. प्रत्येकानं कामं आपणहून वाटून घेतली होती. मी औषधांचा तक्ता बघेन. मी बँकेचं बघेन. मी पेशंटला पेपर वाचून दाखवेन. व्यवस्थापकांनी बंगला गच्च भरला होता. त्या बंगल्यात पेशंट कुणीच नव्हता. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर खाटेवर दुसराच कुणीतरी पडलेला होता. आमच्यातल्या एकाचं पोट बघून बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तोच होता. त्याच्या डोळ्यांसमोर मी होतो, असं नंतर कळलं. आता बंगला मागे पडून पावसाळ्यात एका रात्रीची सहल ठरली आहे. तिचीही तारीख जमत नाहीये.

मधल्या काळात आम्ही बाथरूममध्ये आधाराचा स्टीलचा दांडा बसवून घेतला. बायकोला तो बघून म्हातारं झाल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून तिनं त्यावर टॉवेल टाकला. आता तो टॉवेलचा दांडा आहे. पाहुणे आले की नॅपकिनचा सेट त्यावर जातो, आणि आम्ही पूर्वीप्रमाणे नळाला धरून उठतो.

आत्याचं मात्र काम पक्कं. ‘मला नळ्या लावून ठेवायचं नाही’ असं तिनं रीतसर लिहून द्यायचं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली अशा इच्छापत्राला मान्यता दिली, आणि २०२३ साली पद्धत सोपी केली; दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी असला की झालं. नोटरी मिळाला. साक्षीदार म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्यांना बोलावलं. त्यांनी कागद उलटून-पालटून पाहिला, चष्मा बदलून पाहिला.

‘यात फ्लॅटचं कुठे लिहिलंय?’

‘हे मृत्युपत्र नाही,’ आत्या म्हणाली. ‘हे उपचारांचं आहे.’

‘ते ठीक आहे हो. पण फ्लॅटचं कुठे लिहिलंय?’

सही करताना त्यांचे डोळे भरून आले. दुःखानं की निराशेनं, हे मी विचारलं नाही.

*

आता शेवटचा उपाय. बायको म्हणाली, ‘अहो, विमा मिळेल तेव्हा मिळेल, बंगला होईल तेव्हा होईल. उद्या मला तुम्हाला उचलायची वेळ आली तर? जमतं का, ते तरी बघू.’ तिनं पेशंटला पलंगावरून खुर्चीत कसं बसवावं याचा व्हिडिओ पाहिला होता. व्हिडिओतला पेशंट सडपातळ होता आणि हसत होता.

माझं वजन ८४ किलो. मी पलंगावर आडवा झालो, अंग सैल सोडलं. ‘इतकं नको सोडायला,’ बायको म्हणाली. ‘खरा पेशंट असंच सोडणार,’ मी म्हणालो. तिनं काखेत हात घातले, ‘एक, दोन, तीन’ म्हटलं आणि तीनला ‘आई गं!’ म्हणून तिथेच वाकली. तिची कंबर धरली. मी ताबडतोब पेशंटपणा सोडून नवरेपणाला जागलो आणि तिला आधार देऊन उचलायला गेलो. माझ्या पाठीत कट्‌ असा आवाज झाला. तो आत्याला बाहेरच्या खोलीत ऐकू गेला.

ती वॉकर सरकवत दारात आली. मागून वही हातात घेतलेली बाई. दोघींनी आमच्याकडे जरा वेळ पाहिलं.

‘असं ओढायचं नसतं, काका,’ बाई म्हणाली. ‘आधी कुशीवर वळवायचं, मग पाय खाली, मग आपली कंबर न वाकवता…’ तिनं मला दोन हालचालींत पलंगावर नीट ठेवलं, काकूंना शेजारी ठेवलं, दोघांच्या गुडघ्यांखाली उशा दिल्या. आत्यानं वरून सूचना दिल्या. मग ती आमच्यासाठी चहा टाकायला गेली. ८२ वर्षांची, खुब्यात स्टीलचा गोळा, पुढे वॉकर. घरातलं सगळ्यात धडधाकट माणूस तीच होतं. ब्यूरोच्या बाईंनी फोनवर सांगितलं, एका घरात पेशंट तीन झाले तर दरही बदलतो.

फिजिओथेरपिस्ट घरी यायला लागले. त्यांच्या बिलाचं विचारलं, तर चोवीस तास ॲडमिट असाल तर बघू, असं कळलं. त्यात विमावाल्या मुलाचा फोन आला. स्पीकरवर टाकला, कारण उचलून कानाला लावणं जमत नव्हतं.

‘काका, तुमचा फॉर्म आज पाठवतोय. फक्त एक विचारायचं राहिलं. पाठदुखी, कंबरदुखी असं काही नाही ना?’

‘नाही,’ मी म्हणालो.

‘आहे,’ शेजारून बायको म्हणाली. ‘दोघांना. परवापासून.’

पलीकडे टॅबलेटवर बोटं चालल्याचा आवाज आला. ‘अरेरे. मग ती आधीपासूनची धरावी लागेल, काका. छत्तीस महिने.’

‘आणि तोवर आम्ही काय करायचं?’

‘काही नाही, काका. जड उचलू नका. आणि काकूंनाही सांगा, तुम्हाला उचलू नका म्हणून.’